वडीच्या कडा

त्या वर्षी ऑगस्ट काही सुकला नाही. तीन आठवडे खोऱ्यात धुकं ठाण मांडून बसलं होतं. सकाळी ओढ्यावरून चढायचं, दुपारी डोंगराच्या कमरेपर्यंत सरकायचं, आणि दिवे लागायच्या आत परत ओसरीत येऊन बसायचं, जसं काही याच घरी जेवायला सांगितलंय. कापून ठेवलेलं गवत जागच्या जागी काळं पडलं. मीठदाणीतलं मीठ दगड झालं. आणि कटलिपांच्या घरात मागच्या खोलीत फळ्यांवर मुरायला ठेवलेल्या साबणाच्या वड्यांना घाम फुटला. वर राख धरली ती वेगळीच.

ही राख म्हणजे चुलीतली नव्हे. ओल्या साबणाला हवा लागली की त्याच्या अंगावर खडूसारखा पांढरा थर चढतो. साबणात घालतात त्या कॉस्टिक सोड्याची करणी. अंग धुवायला त्यानं काही बिघडत नाही, पण बाजारात असल्या वडीला कोणी हात लावत नाही. ती राख काढायची, कडा मोडायच्या, वडी चकचकीत करायची, हे काम त्या घरात आर्डिथचं. बेचाळीस वर्षं तिचंच. आधी नवरा ओकी साबण घालायचा, आता सून ट्वायला घालते. शेवटचा हात मात्र आर्डिथचाच.

आर्डिथ ब्याऐंशीची. अंगानं वाळून गेलेली, पण तळवे असे मऊ की चर्चमध्ये नव्या माणसाला वाटावं, या बाईनं जन्मात बादली उचलली नसेल. साबण घासून घासून झालेले ते. खिडकीपाशी तिचं स्टूल, पुढ्यात टेबल, डाव्या हाताला कच्च्या वड्यांची पाटी, उजव्या हाताला तयार वड्यांची. बटाटे सोलायचं सोलाणं, स्टोव्हवर वाफाळती किटली, ओलं फडकं, आणि तिच्याच जुन्या नायलॉनच्या मोज्यांचा बोळा. बस, एवढाच कारखाना.

एका वडीला बारा कडा. प्रत्येक कड एकाच ओढीत निघाली पाहिजे. हात मध्येच थांबला की पायरी पडते, आणि पायरी पडलेली वडी आर्डिथ घरच्या मोरीकडे पाठवायची. सोलाण्यातून साबणाची पातळ कुरळी साल निघायची आणि तिच्या ॲप्रनवर पडायची. मग वडीचं तोंड वाफेवर, पाच म्हणेपर्यंत. मग ओलं फडकं. मग मोज्याचा बोळा गोल गोल, गोल गोल, वडी हाताखाली ओल्या गोट्यासारखी सुळसुळीत होईपर्यंत. तिला या गोल फिरण्याची गुंगी यायची. घासता घासता ती कुठल्या कुठे जायची. ओकी जिवंत असायचा, ओढ्यावरचा लाकडी पूल अजून वाहून गेलेला नसायचा, आणि बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा धुक्यातून येताना कुठल्या वर्षाच्या आहेत ते कळायचं नाही.

गुंगीत जायला तिला हल्ली आणखी एक कारण होतं, आणि ते तिनं कोणाला सांगितलेलं नव्हतं.

तिला मधलं दिसत नव्हतं.

मागच्या नोव्हेंबरातली, थँक्सगिव्हिंगच्या आधीची गोष्ट. चर्चमध्ये प्रवचन चाललेलं. आर्डिथनं मान वर केली तर पाद्र्याला कान होते, टाय होता, चेहराच नव्हता. त्या जागी एक राखाडी डाग, काचेवर कोणी अंगठा फिरवावा तसा. तिनं चष्मा पुसला. मग डोळे पुसले. मग गप्प बसली. तेव्हापासून जिथं बघावं तिथं तो डाग आधीच जाऊन बसलेला. सरळ बघितलं की वस्तू नाहीशी, जरा बाजूला बघितलं की कशीबशी कडेला दिसायची. दाराची चौकट दिसायची, दारातलं माणूस नाही. ताटाचा काठ दिसायचा, ताटातल्या घेवड्याच्या शेंगा नाहीत.

आणि नाताळानंतर त्या डागात काहीबाही उगवायला लागलं. आधी नुसती जाळी, लेसच्या पडद्यासारखी. मग वेली. मग नेचे, ओढ्याकाठी सावलीत असतात तसले, एकावर एक नाजूक पानं, हळूहळू उलगडणारे. पहिल्या दिवशी तिनं घाईनं डोळे मिटून घेतले. डोळे तर चाललेच, आता डोकंही चाललं म्हणाली. पण नेचे कोणाला त्रास देत नव्हते. दुपारी खिडकीपाशी बसलं की यायचे, हलायचे, जायचे. काही दिवसांनी तर तिला ते आवडायला लागले. एखाद्या दिवशी आले नाहीत की ती वाट बघायची. हे मात्र तिनं देवालासुद्धा सांगितलं नाही.

सांगायचं कसं? लेक लाव्हॉन तिकडे शहरात, चौथ्या मजल्यावर. नाताळला आली तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाली होती, की ज्या दिवशी आईची नजर जाईल त्या दिवशी मी तिला घेऊन जाणार, कॉस्टिक आणि उकळत्या किटल्यांच्या घरात मी तिला ठेवायची नाही. आणि डॉर्सीनं, पोटच्या पोरानं, मान डोलावली होती. लाव्हॉनचं काही चूक नव्हतं. मायेनंच बोलत होती. पण आर्डिथ त्या घरी एकदा आठ दिवस राहून आली होती. हातांना काम नाही. तिनं टॉवेलांच्या घड्या घातल्या, तर लाव्हॉननं हसून त्याच घड्या मोडून आपल्या पद्धतीनं घातल्या. आठ दिवस आर्डिथ हात मांडीवर ठेवून बसली, आणि हात कोणा दुसऱ्याचे सांभाळायला दिल्यासारखे वाटायला लागले. त्या खोलीत परत जायचं म्हणजे मरायच्या आधीच आवरून घेणं.

म्हणून ती तोंडात मूग धरून होती. पायऱ्या मोजून ठेवल्या होत्या. मिठाची आणि साखरेची बरणी हाताच्या वजनानं ओळखायची. सोलाणं तर बोटांनीच चालायचं, त्याला डोळे कशाला. कड बोटाला कळते. राखही कळते, जरा खरखरते, बोट अडकवते. आणि माणसांशी बोलताना ती त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघून बोलायची. जानेवारीत एकदा ट्वायलानं विचारलंही होतं.

"आई, माझं काही चुकलं का? माझ्याकडे बघून बोलत नाही तुम्ही."

"मान दुखते गं," आर्डिथ म्हणाली आणि लागलीच दुसरा विषय काढला. तेव्हापासून धास्तीनं तिनं सुनेकडे बघणंच टाकलं. बाजूनंही नाही. ही पोरगी फार बारीक बघते, पकडेल, असं तिला वाटायचं.

ट्वायला या घरात येऊन चौदा वर्षं झाली होती. बोलणं मोजकं, आवाज खालचा. पहाटे उठून बकऱ्यांचं दूध काढायची, दूध गोठवायची, कॉस्टिक आणि पाणी काट्यावर असं तोलायची की डॉक्टरही औषध तसं तोलत नसेल. दोघी बायका एका छपराखाली दिवसभर राबायच्या आणि त्यांच्यात दहा वाक्यं व्हायची. त्यातली सहा बकऱ्यांबद्दल.

एक गोष्ट आर्डिथला अधूनमधून खटकायची. संध्याकाळी ती तयार वड्या पाटीत लावून उठायची, तिच्या हिशेबानं, रुंद बाजू खाली. सकाळी हात लावावा तर एखादी रांग अरुंद बाजूवर उभी. फडकं ओलं. किटली जराशी कोमट. ती मनाशी म्हणायची, या हवेत वाळतंय काय! नाहीतर म्हणायची, आपलंच विसरतंय. आणि विसरणं कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून परत गप्प.

जुलैत एक मोठं काम आलं. वर डोंगरमाथ्यावर नवी लॉज उघडत होती, पानं लाल व्हायच्या दिवसांत येणाऱ्या पाहुण्यांसाठी. त्यांना साठ वड्या हव्या होत्या, एकसारख्या, आणि प्रत्येकीवर लॉजची खूण. शिक्का त्यांनीच पाठवला. ओकीनं चाकूनं कोरलेला घरचा शिक्का होता बकरीच्या खुराचा, खोल, अंधारातही बोट घातलं तर सापडेल असा. हा नवा मात्र काचेसारखा, त्यावर केसाएवढ्या रेघा.

"नेचा आहे," ट्वायलानं सांगितलं होतं. "फार वरवर उठतो. घासताना मधला भाग जरा बघून घ्या, आई. राख काढायची, पण रेघांना धक्का नको."

"बेचाळीस वर्षं काय मी दगड घासले?" आर्डिथ म्हणाली. बोलली तिखट, पण आतून चरकली. नेचा! तिनं वडी खिडकीपुढे धरली. डागाच्या मधोमध नेचे होतेच, हिरवट राखाडी, पान पान उलगडत. तिला हसू आलं. म्हणजे हे खरेच होते म्हणायचे. दिसतोय की आपल्याला, चांगला दिसतोय. कित्येक महिन्यांनी तिचा जीव भांड्यात पडला.

वड्या घातल्या, कापल्या, शिक्के मारले, मुरायला ठेवल्या. शुक्रवारी लॉजवर पोचवायच्या होत्या. आणि नेमकी सोमवारी बटन आजारी पडली. बटन म्हणजे घरातली सगळ्यात दुधाळ बकरी. एका बाजूची कास दगडासारखी घट्ट झाली, अंग तापलं. ट्वायला गोठ्यात गेली ती तिथलीच झाली. शेक द्यायचा, हळूहळू पिळून घाण काढायची, औषध भरायचं, परत शेक. जेवायला येईना. डॉर्सी तिला मक्याचा पाव आणि घेवडा गोठ्यात नेऊन द्यायचा. तो स्वतः दिवसभर रस्त्याच्या कामावर.

मागची खोली चार दिवस एकट्या आर्डिथची होती.

तसे चार दिवस तिला परत मिळाले नाहीत. धुकं खिडकीला टेकलेलं, बाहेर सगळं दुधात बुडालेलं. किटलीची वाफ आणि बाहेरचं धुकं यांत काचेपुरतं अंतर. बटाट्याच्या सालीसारखी साबणाची साल मांडीवर पडत होती. लॅव्हेंडरचा वास, दुधाचा वास. कडा तर अशा निघत होत्या की तिचं तिलाच कौतुक. ओढ एक, कड एक. बारा झाल्या की वाफ, फडकं, बोळा. गोल गोल.

मधला भाग यंदा जास्त खरखरीत लागत होता. बोट अडकत होतं. हवाच तशी, राख जाड धरलीय, ती म्हणाली. पाचऐवजी ती दहा म्हणेपर्यंत वाफ देऊ लागली. जोर लावून घासू लागली. घासून झालं की वडी खिडकीपुढे धरायची. नेचा असायचाच. कधी एक, कधी तीन, हलणारे. आणि बोटाखाली मात्र गुळगुळीत, लोण्यासारखं. दोन्ही एकदम कसं, असं एकदा तिच्या मनात आलं. पण तेवढ्यात बाहेर घंटा वाजली, ओकी बकऱ्या घेऊन पुलावरून येत होता, आणि तो विचार तसाच सुटून गेला.

गुरुवारी संध्याकाळी साठवी वडी पाटीत ठेवली. पाठ मोडून आली होती. पण त्या रात्री ती हसत झोपली. कोण म्हणतं नजर गेली? या साठ वड्या लॉजवाल्यांपुढे ठेवा आणि मग म्हणा.

शुक्रवारी सकाळी बटनचा ताप उतरला. ट्वायला गोठ्यातून आली, हात धुतले, वड्या बांधायचा कागद आणि सुतळी घेऊन मागच्या खोलीत आली. आर्डिथ स्टुलावर तयार बसलेली, कौतुक ऐकायला. ट्वायलानं पहिली वडी उचलली. कागदाचा आवाज थांबला. दुसरी उचलली. तिसरी. मग पाटीच्या तळापर्यंत हात गेल्याचा आवाज आला, वड्या एकमेकींवर हलक्या आपटत होत्या.

  आर्डिथनं पाटीतली एक वडी उचलून डोळ्यांसमोर धरली. नेचा होता. मग वडी खाली ठेवून नुसत्या टेबलाकडे बघितलं. टेबलावरही नेचा होता. भिंतीकडे बघितलं. भिंतीवर होता, खिडकीत होता, तिच्या स्वतःच्या हातावर होता. तिनं डोळे मिटले आणि अंगठा वडीच्या मधोमध फिरवला. काही नाही. एक रेघसुद्धा नाही. साठच्या साठ वड्यांवरून तिनं लॉजची खूण पुसून टाकली होती, मन लावून, चार दिवस, आनंदात.

डॉर्सी आत आला. गाडी सुरू करून आला होता, वड्या ठेवायला. दोघींची तोंडं बघून त्यानं वडी हातात घेतली.

"शिक्का कुठाय?"

 त्यानं चारपाच वड्या उलटसुलट केल्या, मग बायकोकडे वळला. तो तसा वाईट नाही, पण थकलेला होता, आणि थकलेल्या माणसाला कोणावर तरी घसरायचं असतंच. तुला तेव्हाच सांगितलं होतं, म्हणाला, या हवेत पाणी कमी घाल. मऊ राहिला साबण, शिक्का बसलाच नाही. आता तिकडे वर जाऊन काय तोंड दाखवू? आईची चार दिवसांची मेहनत तू मातीत घातलीस.

"हो," ट्वायला म्हणाली. "पाणी जास्त पडलं माझ्या हातून."

आर्डिथला ते ऐकून आधी काय वाटलं असेल? खरं सांगायचं तर सुटका. एक क्षण. हवेनं गेला, पाण्यानं गेला, आपण नाही. गप्प बसलं की झालं, नऊ महिने बसलो तसं. लाव्हॉनची ती खोली, खिडकीतून दिसणारा गाड्यांचा तळ, सगळं टळलं. पण ट्वायलाच्या हातून पाणी जास्त पडत नाही, हे आर्डिथला ठाऊक होतं. चौदा वर्षांत थेंब जास्त पडला नव्हता. ती पोरगी मान खाली घालून नवऱ्याचं ऐकून घेत होती, आणि आर्डिथला तिची मान दिसतही नव्हती. तिला स्वतःची भारी लाज वाटली.

"पाणी बरोबर होतं," ती म्हणाली. "शिक्का मी पुसलाय, डॉर्सी. घासून घासून. मला मधलं दिसत नाही."

"मधलं म्हणजे?"

"तुझे कान दिसतात. टोपी दिसते. तोंड नाही दिसत."

डॉर्सी चाऱ्याच्या पोत्यावर बसला. कधीपासून, त्यानं विचारलं, तिनं सांगितलं. डागाबद्दल सांगितलं, आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर नेच्यांबद्दलही सांगितलं. किटलीवरचं झाकण थडथडत होतं. डॉर्सीनं टोपी काढून गुडघ्यावर आपटली आणि म्हणाला, लाव्हॉनला फोन केला पाहिजे.

"कर," ट्वायला म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला सांग. खोली आवरायला सांगू नकोस."

"अगं, पण ही इथं काम कसं करणार?"

"मार्चपासून करतायत तसंच."

डॉर्सीला काही कळलं नाही. आर्डिथलाही नाही. तो लॉजवाल्यांना संध्याकाळपर्यंत थांबायला सांगतो म्हणून बाहेर गेला. गाडीचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. मग त्याचा फोनवरचा आवाज, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला.

"मार्चपासून काय?" आर्डिथनं विचारलं.

ट्वायलानं किटलीत पाणी ओतलं. मग आयुष्यात बोलली नव्हती एवढं एका दमात बोलली. मार्चमध्ये एकदा बाजारासाठी वड्या बांधताना तिनं सहज एक उजेडात धरली. कडा बघाव्यात तर अशा, की नदीनं शंभर वर्षं घासल्यात. आणि मधोमध राख, नाण्याएवढी, बोटालाही न लागणारी पातळ. दुसरी घेतली, तिच्यावरही तिथंच. पाटीभर वड्यांवर तिथंच. तेव्हा तिला कळलं. त्या दिवसापासून रोज पहाटे, दूध काढायच्या आधी, ती पाटी घेऊन बसायची आणि प्रत्येक वडीचा मधला भाग पुसून ठेवायची. या चार दिवसांत मात्र बटनपायी तिला पाटीकडे यायला झालं नाही. नाहीतर पहिल्याच पहाटे तिच्या लक्षात आलं असतं.

आर्डिथचे कान तापले. म्हणजे ती रांग, ते ओलं फडकं, ती कोमट किटली. रोज ती ऐटीत वड्या लावून उठायची, आणि रोज कोणीतरी तिच्यामागून पुसत यायचं, लहान पोराच्या मागून पुसतात तसं. लाव्हॉननं निदान टॉवेलांच्या घड्या तिच्या तोंडावर तरी मोडल्या होत्या.

"सगळ्याच परत केल्यास म्हण की," ती म्हणाली. 

"मधलं तेवढं. कडांना मी कधी हात लावला नाही. मला जमत नाहीत त्या. मी ओढली की पायरी पडते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

 वाफ खिडकीवर जाऊन पाणी होऊन उतरत होती. ट्वायला टेबलापाशी आली आणि समोरच्या बाकावर बसली.

"मला वाटायचं, तुम्हाला मी नकोशी झालेय," ती म्हणाली. "जानेवारीपासून. बघतच नव्हता माझ्याकडे. मी रात्रंदिवस आठवत होते, काय बोलले मी, काय केलं. आणि मार्चमध्ये त्या वड्या बघितल्या, तेव्हा गोठ्यात जाऊन रडले. तुमच्या डोळ्यांसाठी नाही, आई. बरं वाटलं म्हणून. देवानं माफ करावं मला, पण बरं वाटलं."

आर्डिथनं टेबलावरून हात पुढे केला. तो आधी सोलाण्याला लागला, मग सुनेच्या मनगटाला. मनगटाला गोठ्यातल्या मलमाचा वास होता. तिला बोलायचं होतं पुष्कळ, पण बोलायची सवय दोघींनाही नव्हती.

"वाफेवर साबण मऊ होईल," ती शेवटी म्हणाली. "हवा ओलीच आहे, अजून पुरता कडक झालेला नाही. शिक्का परत बसेल."

"शिक्का दाबला की कडा फुटतील."

"फुटतात. बाजूनं आवळून धरावं लागतं. चारी बाजूंनी, सारखा जोर." आर्डिथनं दोन्ही तळवे समोर धरले. "ओकी मारायचा, मी धरायचे."

पहिली वडी फुटली. दुसरीचा कोपरा गेला. तिसऱ्या वडीला आर्डिथनं डोळे मिटून घेतले. वाफेनं गरम झालेली वडी तिच्या तळव्यांत होती, पाखरासारखी, आणि साबण कुठे ताणतोय, कुठली कड आता सुटेल, ते तिला बोटांत कळत होतं. हां, म्हणाली ती, आता. ट्वायलानं मधोमध शिक्का ठेवून लाकडी हातोडीचा एक ठोका दिला, एकच. कडा हलल्या नाहीत. शिक्का उचलला.

"बसला?"

"बसला."

आर्डिथनं करंगळीनं हळूच चाचपलं. केसाएवढ्या रेघा, मधला दांडा, दोन्हीकडे पानं. हा हलत नव्हता. हा वडीवरच होता. तिनं वडी उजवीकडच्या पाटीत ठेवली.

मग त्या लागल्या त्या लागल्याच. वाफ, तळवे, ठोका. दुपारी डॉर्सी येऊन दारात उभा राहिला. त्यानं सांगितलं, लॉजवाले थांबतील, थोड्या कमी असल्या तरी चालतील. आणि लाव्हॉननं येत्या गुरुवारची डॉक्टरची वेळ घेतलीय. रडली फोनवर, म्हणाला. खोलीचं काही बोलली का, ट्वायलानं विचारलं. बोलली, तो म्हणाला, मी म्हटलं, इकडे वड्या कोण धरणार. एवढं बोलून तो स्वयंपाकघरात गेला. त्यानं जेवायला घेतल्याचा आवाज आला, तिघांची ताटं.

चाळिसाव्या वडीपाशी आर्डिथची बोटं आखडून आली. ट्वायलानं हातोडी खाली ठेवली. जरा थांबू, म्हणाली. आर्डिथ सवयीनं तिच्या मागच्या भिंतीकडे बघत होती, आणि ते लक्षात येऊन ओशाळून तिनं मान सरळ केली. समोर डाग आला, डागात नेचे. सून कुठेच नव्हती.

"सरळ नका बघू," ट्वायला म्हणाली. "तिकडे बघा, खिडकीकडे. म्हणजे मी दिसेन."

आर्डिथनं तोंड खिडकीकडे केलं. बाहेर धुकं होतं, पांढरं, निवांत, कुठलीही घाई नसलेलं. आणि त्याच्या कडेला, अगदी कडेला, हळूहळू ट्वायला आली. कानामागे अडकलेली गवताची काडी. कानशिलावरचे केस पांढरे. नाकावर चष्मा, तारेच्या काड्यांचा.

"चष्मा कधी लागला गं तुला?"

"एप्रिलमध्ये."

आर्डिथ खिडकीकडे तोंड करून तशीच बसली, बराच वेळ, सुनेकडे बघत. मग तिनं ॲप्रनला हात पुसले आणि दोन्ही तळवे टेबलावर उघडे ठेवले.

"शोभतो," ती म्हणाली. "आण पुढची."